कारण कळवले जात नाही

खंडेनवमीच्या दिवशी आप्पांनी लेथला हळदकुंकू लावलं, ड्रिलिंग मशीनला लावलं, वेल्डिंगच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला लावलं, आणि मग पाटावर ठेवलेल्या खुंट्यासमोर उकिडवं बसून त्याच्या पायथ्याशी एक झेंडू ठेवला.

"त्याला कशाला?" आई म्हणाली. "तो काय आपल्याकडे राहायचाय?"

"राहिलाच आहे की. दिल्लीवाले पाठवू देत नाहीत. घरजावई झालाय."

भागोजीकाका मोठ्याने हसले. ते आप्पांचे फोरमन, वर्कशॉपच्या पहिल्या दिवसापासूनचे. "जावयाला एक डाव माझ्या भावाकडं धाडा, आप्पा. हर्ण्याला. होडीवर बसवतो नि लिलावाला नेतो. दलाल भाव पाडाया लागला की नुस्तं तोंड फिरवायचं त्येच्याकडं."

"आधी भावाला होडीवर उभं राहता येतं का बघ. सकाळचं."

"सकाळचं येतंय. सांजचं इचारू नका."

सगळे हसले. मीही हसले, पण क्षणभर उशिरा. त्या दिवसाचं मला हे हसणं फार आठवतं, आणि माझं मागे राहणंही.

खुंटा म्हणजे गस्तीच्या बोटीवर अगदी पुढे, नाळेशी, मशीनगन ज्यावर बसवतात तो फिरता लोखंडी खांब. कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. वर्कशॉपमधल्या माणसांनी त्याचा पहिल्याच दिवशी खुंटा केला. वर्कशॉप रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या दोन शेड, दारावर पाटी 'मालिनी मरीन वर्क्स'. मालिनी हे आईचं नाव. आप्पा एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन फिटर होते. किनाऱ्यावर परतले ते मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांचे जाळी ओढायचे विंच आणि शाफ्ट दुरुस्त करू लागले, मग स्वतःच विंच बनवू लागले. विंचच्या तळाशी ते एक तिरकं भोक पाडत आणि त्याला पितळेचं बूच बसवत. आत शिरलेलं खारं पाणी साचून राहिलं की बेअरिंग खातं. आठवड्यातून एकदा बूच काढायचं, पाणी वाहू द्यायचं, बूच परत लावायचं. एवढी साधी गोष्ट, पण दुसरं कुणी करत नसे.

पुण्याच्या एका कंपनीने खुंट्याचं ड्रॉइंग पाठवलं तेव्हा त्यात असलं काही नव्हतं. आप्पांनी नमुन्याला बूच लावूनच पाठवलं. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, ड्रॉइंगप्रमाणे करा. आप्पा म्हणाले, "साहेब, तुमचं ड्रॉइंग कधी समुद्रावर गेलंय?" बूच राहिलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत विंचची असली बुचं चिंचेच्या कोळाने घासायचं काम माझं होतं. बूच लखलखीत पाहिजे, म्हणजे खलाशाला ते शोधावं लागत नाही, असं आप्पांचं म्हणणं.

पूजेनंतर प्रसादाचे पेढे वाटले. माणसं होती पाच. मागच्या वर्षी अकरा होती. आप्पांनी त्या सहाजणांनाही बोलावलं होतं, कामावर नसले तरी. दोघे आले. आप्पांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "बघू या. एक पत्र लिहितोय."

आम्ही मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीतल्या घरी परतलो. आईने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले होते. आप्पांनी सहा वडे खाल्ले, सातवा माझ्या ताटात टाकला आणि तो कसा फुगलेला नाही हे आईला ऐकू जाईल असं सांगितलं. दुपारी झोपले. चार वाजता उठून कंपाउंडमधल्या कलमाच्या बुंध्याशी साचलेला पालापाचोळा ओढला. चहा झाल्यावर पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाईल होती.

ती फाईल मला ठाऊक होती. त्यातले अर्धे कागद माझेच होते.

"हे बघ गो," आप्पा म्हणाले. "तुझं इंग्रजी बरं. जरा सरळ कर."

चौथं पत्र होतं. पहिल्या तीन पत्रांना आलेली उत्तरं त्यांनी तारीखवार लावली होती आणि प्रत्येकावर लाल पेनने 'उत्तर नाही' असं लिहिलं होतं.

पत्रात आप्पांनी सगळं सविस्तर मांडलं होतं. बावीस खुंट्यांची पहिली ऑर्डर सरकारच्या परवानगीने बाहेर गेली. माल उत्तम असल्याचं कंपनीने लेखी कळवलं. साठ खुंट्यांची दुसरी ऑर्डर आली, त्यासाठी सहा माणसं घेतली, आणि परवानगी नाकारली गेली. खुंटे परदेशातल्या बंदर पोलिसांच्या गस्तीच्या बोटींसाठी आहेत. आपण स्वतः जहाजावर असताना चाचे शिडी लावून वर येताना पाहिले आहेत, तेव्हा अशी एक गस्तीची बोट जवळ असती तर आपला एक सोबती आज जिवंत असता. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. मी ते इथे मराठीत देते: 'मी सत्तरीला आलो आहे. मला ऑर्डर नको. मला फक्त कारण हवे. माझ्या कामात खोट असेल तर कळवा, मी सुधारेन.'

मी एक स्वल्पविराम बदलला. दुसरं काय करावं मला सुचलं नाही.

"आप्पा, याने काही होणार नाही."

"तुला काय माहीत? तू आकडे मोजणारी."

"नियमच आहे तसा. नकाराचं कारण कळवत नाहीत."

"का?"

"कारण सांगितलं तर समोरच्याला कळतं, आपल्याला काय काय माहीत आहे ते."

"समोरचा कोण? मी?"

समोरच्या घरातली पोरं दाराला लावायचं तोरण ओवत होती. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू.

"म्हणजे काहीतरी माहीत आहे त्यांना," आप्पा म्हणाले. मशीनचा आवाज ऐकून ते असंच मान तिरकी करत. "काहीतरी आहे."

"तसं नाही हो. सगळ्यांना तेच उत्तर जातं. छापील असतं."

"छापील असलं तरी कुणीतरी माणूस बसून नाव घालतच असेल ना? त्या माणसाला एकदा इथे आणावं. खुंटा दाखवावा. जेवायला घालावं. मग म्हणू दे नाही."

आईने आतून हाक मारली, दिवेलागणीची वेळ झाली, आत या. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "पत्र तू ने. दिल्लीत पेटीत टाक. इथून टाकलं की आठ दिवस खातं."

मी ते बॅगेत ठेवलं.

आकडेवारीच्या विभागातून माझी बदली झाली त्याला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. नव्या विभागात संरक्षण सामग्रीच्या निर्यातीचे अर्ज येत. कामाविषयी बाहेर बोलायचं नाही, अशी पहिल्याच दिवशी सूचना होती. म्हणून घरी सांगायचं राहिलं. पुढे त्या राहून गेलेल्या गोष्टीचं लपवलेल्या गोष्टीत रूपांतर कधी झालं ते मला सांगता येणार नाही. तारीख मात्र सांगता येईल.

काम असं असतं. निर्यात करणारी कंपनी अर्ज करते. सोबत परदेशातल्या ग्राहकाचं प्रमाणपत्र जोडते: हा माल आम्हीच वापरू, अमुक कामासाठी वापरू, दुसऱ्याला देणार नाही. ते प्रमाणपत्र खरं वाटतं का, तो देश संवेदनशील यादीत आहे का, यादीत नसला तरी माल तिथून शेजारच्या देशात सरकण्यासारखा आहे का, हे आम्ही पाहतो. टिप्पणी लिहून वर पाठवतो. इतर मंत्रालयांचीही मतं येतात, पण पहिली टिप्पणी ज्या दिशेला झुकते तिकडेच बहुतेक वेळा फाईल जाते. मी हे काम मन लावून करत असे. आपल्या हातचं यंत्र कुणाच्या हातात पडतं याची विचारपूस करणारा देश मला आवडतो. आजही आवडतो.

एका मार्चमध्ये पुण्याच्या कंपनीचा अर्ज माझ्याकडे आला. बावीस नग, ग्राहक एका लहान देशाचं बंदर पोलीस खातं. देशाचं नाव इथे लिहिता येणार नाही. तो यादीत नव्हता. त्याचा शेजारी होता. प्रमाणपत्र नीटनेटकं होतं, सही होती, शिक्का होता. फक्त खाली दिलेल्या फोन नंबराचा सुरुवातीचा कोड त्या देशाचा नव्हता, शेजारच्या देशाचा होता. मी शंका टाइप केली: दूरध्वनी क्रमांकाची वकिलातीमार्फत पडताळणी करावी. मग सवयीने परिशिष्ट उघडलं. सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर आईचं नाव होतं.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला होता. मासळी दोन वर्षं कमी, ट्रॉलरवाले विंच दुरुस्तसुद्धा करत नाहीत, वर्कशॉपला रविवार आणि सोमवार सारखेच, हे मी ऐकत आले होते. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. "आपला माल बाहेर चाललाय गो. गस्तीच्या बोटींवर. सरकारचा एक कागद यायचाय म्हणतात. तुमच्या दिल्लीत कुणाच्यातरी टेबलावर असेल." ते टेबल माझं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परिशिष्ट उघडलं तेव्हा ठाऊक झालं.

मी उठून वरिष्ठांकडे जायला हवं होतं. हा पुरवठादार माझे वडील आहेत, फाईल दुसऱ्या कुणाकडे द्या. एवढंच वाक्य होतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. मी स्वतःला समजावलं की अर्जदार पुण्याची कंपनी आहे, आप्पा नुसते लोखंड कापून देणारे. फोनचा कोड टायपिंगची चूक असेल. पडताळणीला तीन महिने लागतील आणि तोवर कंपनी दुसरा पुरवठादार गाठेल. हे शेवटचं खरं कारण होतं. मी टाइप केलेली ओळ पुसली आणि लिहिलं: हरकत नाही.

बावीस खुंटे गेले. आप्पांनी शेवटची पेटी ट्रकवर चढताना फोटो काढला आणि मला पाठवला. पेटीच्या बाजूला भागोजीकाका, छाती काढून, जणू काही तेच बोटीवर बसून निघालेत.

सव्वा वर्षाने वकिलातीकडून एक अहवाल आला. सोबत सहा छायाचित्रं होती. शेजारच्या देशाची एक सशस्त्र बोट उथळ पाण्यात रुतून बसली होती आणि सोडून दिलेली होती. त्याआधी तिने मासेमारीच्या तीन होड्यांवर गोळीबार केला होता. सात माणसं मेली होती. एका छायाचित्रात लाकडी होडीची फळी होती, तिच्यात एका रांगेत भोकं. पाचव्या छायाचित्रात बोटीची नाळ वर आलेली, मशीनगन काढून नेलेली, खुंटा तसाच. रंग उडालेला, गंज चढू लागलेला. आणि तळाशी पिवळं, लखलखीत, एवढंसं बूच.

मी ते छायाचित्र मोठं करून पाहिलं. मग पुन्हा लहान केलं. कुणीतरी बूच नियमित काढत होतं, लावत होतं. खुंट्याची निगा राखत होतं.

साठ नगांचा दुसरा अर्ज तेव्हा माझ्याच यादीत पडून होता. मी नकाराची शिफारस केली. उपसचिवांनी बोलावून विचारलं, हा माल आपलाच कशावरून? मी त्यांना नमुन्याच्या तपासणी अहवालातला फोटो दाखवला. बूच दाखवलं. ते म्हणाले, "नजर तीक्ष्ण आहे तुमची. माझ्या तर लक्षातही आलं नसतं." दोन्ही देशांसाठी नियम कडक झाले. कंपनीची चौकशी सुरू झाली. आधीची 'हरकत नाही' कुणी लिहिली होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण प्रमाणपत्र बनावट असलं की अधिकारी फसवला गेला असं धरतात. मी फसवली गेले असं धरलं गेलं. कोड कुणी पाहिला नाही, पुसलेली ओळ कुठे राहिली नव्हती.

आणि मग आप्पांची पत्रं येऊ लागली. 'माननीय महोदय.' महोदय म्हणजे मी. तिन्ही उत्तरांचे मसुदे मी केले, सही दुसऱ्याची होती. आपले निवेदन तपासण्यात आले आहे. प्रचलित धोरणानुसार नकाराचे कारण कळवले जात नाही. ही वाक्यं मी रुजू होण्याच्या आधीपासून तशीच आहेत आणि त्यांत खोटं काही नाही. नव्या माणसांना प्रशिक्षण देताना मी हा नियम का असावा हे समजावून सांगत असे. तिसऱ्या उत्तराच्या वेळी मी 'खेद आहे' असे शब्द घातले होते. ते वरून काढून टाकले गेले.

दर रविवारी आप्पांशी बोलणं होई. त्यात ते दिल्लीतल्या त्या अज्ञात माणसाला शिव्या देत. एकदा म्हणाले, त्याने कधी हाताला ग्रीस लावून घेतलेलं नसणार. मी म्हणाले, नसेल. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले, अवघड गोष्टी माणसं एकमेकांना कशी सांगतात ते शेकडो पानांवर पाहिलं. फोन ठेवल्यावर मी नेहमी काहीतरी वाचायला घेत असे.

मी गोपनीयतेमागे लपले हे खरं. पण भीती गोपनीयतेची नव्हती. आप्पांना कळलं असतं तर त्यांनी पहिलं काय केलं असतं हे मला माहीत होतं. त्यांनी बुचाचा विचार केला असता. खारं पाणी साचलं असतं, बेअरिंग धरलं असतं, खुंटा वळला नसता, तर, असा. त्यांनी चांगलं काम केलं होतं, आणि ते चांगलं होतं हेच त्यांना लागलं असतं. निदान मी तसं ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता आप्पा तोरण घेऊन वर्कशॉपला गेले. मी अंथरुणातच होते. दारातून त्यांनी विचारलं, "येतेस?" मी म्हणाले, नऊला येते, सगळ्यांबरोबर. तिथे स्टुलावर चढून त्यांनी तोरणाचं एक टोक बांधलं, खाली उतरले, भागोजीकाकांना म्हणाले, जरा बसतो. लेथजवळच्या लोखंडी स्टुलावर बसले. काकांनी पाणी आणेपर्यंत मान छातीवर आली होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेलेले आहेत.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. मिरकरवाड्यातून, साखरतरहून, थेट हर्ण्याहून ट्रॉलरवाले आले. एकजण आईसमोर बसून सांगत होता, आप्पांचा विंच बारा वर्षं चालला, बूच तेवढं काढायचं. मी चहाचे कप उचलत होते. तेराव्यानंतर माझे मिस्टर आणि मुलगी दिल्लीला परतले. मी थांबले. पंधराव्या दिवशी आई म्हणाली, वर्कशॉपला जाऊन येऊ, किल्ल्या भागोजीकडेच राहू देत, पण एकदा जाऊ.

तोरण दोन्ही टोकांना बांधलेलं होतं. स्मशानातून परतल्यावर भागोजीकाकांनी दुसरं टोक बांधलं होतं. लोंबकळत बरं दिसत नव्हतं, म्हणाले. झेंडू वाळून काळे पडले होते. खुंटा पाटावरच होता. आत बाकीची चार माणसं होती, त्यांनी मशीन बंद केली आणि बाहेर सावलीत जाऊन उभी राहिली.

आई आप्पांच्या स्टुलाकडे बघत दुसऱ्या खुर्चीवर बसली. भागोजीकाकांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. आत पितळी बुचं होती, फडक्यात गुंडाळलेली.

"साठ हायत," काका म्हणाले. "नकाराचा कागद आला तवा सगळी तयार व्हती. म्हटलं, आप्पा, वितळवू या. नको म्हणाले. लागतील म्हणाले. दर शनवारी घासून ठेवायचे."

आईने एक बूच उचलून पदराने पुसलं आणि परत ठेवलं.

"आणि ऋजूबाय, ता पत्र धाडलंस?"

"नाही, काका. बॅगेत आहे."

"बरं झालं." त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. वहीचं पान होतं. "हे त्येच्यामागं जोड. आमी सगळ्यांनी सह्या केल्यात. गेलेल्या सहाजणांनी पण. लांज्याचा आत्माराम तर यष्टीनं आला सही कराया."

अकरा सह्या होत्या. एकीच्या जागी अंगठा होता. वर काकांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: 'आप्पांच्या कामात खोट नव्हती, एवढे लिहून द्यावे.'

"पेटीत टाकू नको आता," काका म्हणाले. "पेटीतलं झालं तीनदा. तू हातानं दे. हापिसात जा, तू सरकारी माणूस हायस, तुला आत सोडतील. त्या माणसाला गाठ. भांडू नको. आप्पा भांडले नसते. नुस्तं इचार त्येला, का रे बाबा? मग तो काय म्हणतो ता आमाला येऊन सांग. इतकंच."

"भागोजी, तिच्यावर कशाला टाकतोस," आई म्हणाली. "तिला काय माहीत कोण बसतं तिथे."

"इचारलं की कळंल."

मी तो कागद हातात धरून होते. बाहेर माणसं हलक्या आवाजात बोलत होती. कुणीतरी हसलं आणि मग, आम्ही आत आहोत हे आठवून, थांबलं. मला दिसत होतं की आता मी हो म्हणू शकते. कागद बॅगेत जाईल, दिल्लीला जाईल, माझ्या टेबलावर येईल, आणि मी त्याचं उत्तर लिहीन. ते उत्तर इथे पोचेल. काका त्यावर लाल पेनने दोन शब्द लिहून फाईलला लावतील. तेवढ्यावर सगळं संपेल. नोकरीचं काय होईल हाही विचार आला. फार वेळ टिकला नाही.

खंडेनवमीच्या संध्याकाळी पायरीवर आप्पांनी मान तिरकी केली होती. काहीतरी आहे, म्हणाले होते. तेव्हा ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

"काका, बसा," मी म्हणाले.

"उभा बरा हाय मी."

"बसा तुम्ही. आई, तूही ऐक."

भागोजीकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला आप्पांचं स्टूल तेवढं होतं. त्यावर ते बसले नाहीत, पाटाशेजारी खाली फरशीवर बसले, खुंट्याला पाठ लावून. मी डब्यातलं एक बूच उचललं. गार होतं आणि वजनाला जितकं आठवत होतं त्यापेक्षा जड.

"हे पत्र कुठे न्यायला नको," मी म्हणाले. "ते पोचलंय. आप्पांची चारही पत्रं ज्या माणसाला होती तो माणूस मी आहे. परवानगी मी नाकारली. त्याआधी बावीस खुंट्यांना परवानगी दिली तीही मीच, आणि तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मला शंका आली होती. मी ती लिहिली आणि आपलं नाव बघून पुसली. ते खुंटे पोलिसांकडे राहिले नाहीत, काका. दुसऱ्याच देशाच्या बोटीवर गेले. त्या बोटीने मासे मारायला गेलेल्या होड्यांवर गोळ्या घातल्या. सात माणसं मेली, तुमच्या भावासारखी. फोटोत मी आपलं बूच ओळखलं. आप्पांच्या कामात खोट नव्हती. माझ्या कामात होती. आप्पांनी मला चार वेळा कारण विचारलं, आणि मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."